जाताना सांगून जायचं

त्या रविवारी सकाळी मी आणि माझी बायको वत्सला, आम्ही दोघांनी गच्चीवर बसून खेळणी धुतली. दर रविवारी धुवायचो. बालवाडीतलं खेळणं म्हणजे बावीस तोंडांत जाऊन आलेलं असतं. मी टबात हात घालून घासायचं आणि वत्सलानं एकेक पुसून उन्हात मांडायचं, अशी आमची वाटणी. तिचे गुडघे गेलेले, म्हणून ती खुर्चीवर आणि मी पाटावर. शेपूट तुटलेल्या एका घोड्यावरून आमचं वाजलं.

"टाका तो. तार वर आलीया. कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

"तार मी आत ठोकतो. घोडा चांगला हाय."

"तुमाला सगळंच चांगलं दिसतंय. भंगाराचं दुकान काढायला पायजे होतं तुमी."

हे आमचं शेवटचं भांडण. त्यानंतर ती म्हणाली, "छातीत भरून आल्यागत होतंय, जरा पाणी आणा." मी पाणी घेऊन वर आलो, तर ती खुर्चीतच एका अंगाला कलली होती. शेजाऱ्याच्या रिक्षानं दवाखान्यात नेलं. दीडच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि त्यांच्या चेहऱ्यावरच मला कळलं. ऊन उतरायच्या आत तिला कृष्णेच्या घाटावर नेलं.

हे मी एवढ्यातच उरकलं, कारण ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही. पण त्या संध्याकाळी एक प्रश्न माझ्यापुढं येऊन बसला, आणि तो काही केल्या उठेना. दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी नऊ वाजता पोरं बालवाडीच्या दारात येणार आणि आत त्यांच्या बाई, म्हणजे वत्सला, नसणार. त्यांना सांगायचं काय?

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तीन-चार वर्षांची पोरं. कायबी सांगितलं तरी चालतंय. नेमकं तेच चालत नाही. का चालत नाही, हे समजायला आमचं काम काय असतं ते आधी सांगावं लागेल. ह्या अंकाचे संपादक आमच्याच बालवाडीतनं गेलेले. तेच म्हणाले, "मामा, कामाबद्दल लिहा." मी चौथी पास, तीही गुरुजींच्या दयेनं. शुद्धलेखन माझी मुलगी सुनीता हिनं तपासलंय. माणसांचं बोलणं मात्र जसं झालं तसं ठेव, असं मी तिला बजावलंय.

मी मूळचा मेढ्याकडचा. धंद्यानं गवंडी. आधी साताऱ्यात कारखान्यांच्या शेड बांधल्या, मग बायकोच्या माहेरच्या ओढीनं सांगलीत आलो. वत्सला दहावी झालेली, वर बालवाडीचा कोर्स केलेला. विश्रामबागेत दोन खोल्या आणि पुढं अंगण भाड्यानं घेऊन तिनं बालवाडी काढली. मी बांधकामावर जायचो. एक दिवस दुसऱ्या मजल्यावरनं खाली आलो, तो जिन्यानं नव्हे. मांडीचं हाड मोडलं. वर्षभर वर चढायचं नाही म्हणून डॉक्टरांनी ताकीद दिली. घरात बसून मी चिडचिड करायला लागलो तेव्हा वत्सला म्हणाली, "हितं बसून भिंतीकडं बघण्यापेक्षा तिकडं येऊन बसा. पोरांच्या नाड्या तरी बांधा."

तेवढ्यापुरता म्हणून गेलो, तो तेवीस वर्षं राहिलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बालवाडी म्हणजे गाणी म्हणायची आणि खाऊ खायचा. निम्मं काम नाडी, चेन, बटण आणि नाक ह्यांचं असतं. उरलेलं निम्मं काम दिसतच नाही. एक पोरगं डब्याचं झाकण उघडायला झटतंय. तुम्ही शेजारी बसलाय, तुम्हाला ते एका झटक्यात उघडता येतंय, आणि तरी हात मांडीखाली दाबून बसायचं. हे काम मी आयुष्यात केलेल्या सगळ्या कामांत अवघड. सिमेंटची पोती वाहणं सोपं. पोरगं स्वतः उघडेपर्यंत गप्प बसायचं आणि उघडल्यावर "बघ, उघडलंस" एवढंच म्हणायचं, असा बाईंचा शिरस्ता होता. आत वत्सलाला मीही बाईच म्हणायचो. घरी ती मला "आवं" म्हणायची आणि बालवाडीत "मामा". दाराच्या उंबऱ्यावर आमचं नातं बदलायचं.

सुरुवातीला आया माझ्याकडं संशयानं बघायच्या. मिशीवाला गवंडी बालवाडीत काय करतोय? एक बाई तर म्हणाली, "ह्यांना बघून माझा पोरगा मुतला." खरं होतं. तो मलाच बघून मुतला. पण त्याची चड्डी बदलली मीच, आणि त्यानंतर तो माझ्याशिवाय कुणाकडून बदलून घेईना.

आता माझी पहिली मोठी चूक सांगतो. समीर नावाचा पोरगा होता, तीन वर्षांचा. वडील शिवणकाम करायचे. आई रेश्मा त्याला सोडायला आली तर हा तिच्या ओढणीला दोन्ही मुठींनी लोंबकळलेला. नुसता हंबरडा. अर्धा तास गेला. बाई आत दुसऱ्या पोरांत अडकलेल्या. मला वाटलं, आपण आता कसब दाखवावं. मी खिशातली गवंडीकामाची ओळंब्याची दोरी काढली, खाली लोंबणारा वजनाचा गोळा त्याच्या डोळ्यांपुढं हलवायला लागलो. पोरगं बघायला लागलं. ओढणी सुटली. मी रेश्माला डोळ्यानं मागचं दार दाखवलं. ती पळाली. मी खूश. म्हटलं, ह्याला म्हणतात काम!

समीरनं मान वळवली. आई नाही. तो रडला नाही. एकदम गप्प झाला. तो गप्पपणा मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं आईची ओढणी मनगटाला गुंडाळूनच यायला सुरुवात केली. काहीही दाखवा, मान वळवायचा नाही. मोर दाखवा, गाडी दाखवा, डोळे आईवर. मला तर जवळच येऊ देईना. अकरा दिवस हे चाललं. शेवटी मी बाईंना सांगितलं, मी असं असं केलं होतं. बाई खडूनं फळ्यावर मासा काढत होत्या. खडू खाली ठेवला.

"तुमी त्याची आई चोरली."

"चोरली म्हंजी? दुपारी आली की परत!"

"त्याला काय ठाव येणार हाय ते? त्यानं मान वळवली आन् आई गेली. आता तो जन्मात मान वळवायचा न्हाई. जाताना सांगून जायचं. रडला तर रडू द्या. रडणं संपतं. फसवलेलं संपत न्हाई."

त्या दिवसापासून आमच्याकडं कायदा झाला. आई असो, बाप असो, आजी असो, दारातनं गुपचूप कुणी जायचं नाही. पोराच्या डोळ्यांत बघून सांगायचं: "मी जाते. हात धुवायच्या वेळी येते." घड्याळातली वेळ नाही सांगायची, पोराला घड्याळ कळत नाही. हात धुणं कळतं. आणि त्या वेळी यायचंच. रेश्मा बारा दिवस हात धुवायच्या वेळी येऊन नळाजवळ उभी राहायची, साबण हातात घेऊन. तेराव्या दिवशी समीरनं ओढणी सोडली, स्वतःच म्हणाला, "जा. हात धुताना ये." आणि मातीत खेळायला गेला. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, शर्ट शिवतो. माझा शर्ट शिवताना अजून म्हणतो, "मामा, मागचं दार लावून घ्या."

दुसरं गिऱ्हाईक सांगतो, ते पोर नव्हतं, बाप होता. देसाईसाहेब, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुलगी अन्वी, साडेतीन वर्षांची, गोड. दिवाळीनंतर साहेब वही घेऊन आले.

"अहो बाई, सहा महिने झाले. हिला अजून अ लिहिता येत नाही. शेजारचा मुलगा इंग्रजी वाक्यं लिहितो. तुम्ही करता काय इथं?"

बाई समजावत होत्या. की पेन्सिल धरायला आधी बोटांत जोर लागतो, मनगट वळावं लागतं. म्हणून आम्ही कणीक मळायला देतो, शेंगा सोलायला देतो, जुनी वर्तमानपत्रं फाडायला देतो. साहेबांच्या चेहऱ्यावर काही उजाडेना. त्या आठवड्यात मी कंपाउंडच्या भिंतीचा पोपडा गेलेला भाग दुरुस्त करत होतो. सिमेंट-वाळूचा माल कालवून ठेवलेला. मी थापी त्यांच्या हातात दिली.

"साहेब, हे एवढं हातभर लिंपून दाखवा."

"मी?"

"तुमी शिकलेलं. हात मोठा. जमंल."

त्यांनी थापीवर माल घेतला, भिंतीवर मारला, आणि तो सगळाच्या सगळा त्यांच्या बुटावर पडला. परत घेतला, परत बुटावर. अन्वी टाळ्या पिटून ओरडली, "बाबांना येत नाही! बाबांना येत नाही!"

"मनगट वळत न्हाई तुमचं," मी म्हणालो. "तिचंबी अजून वळत न्हाई. फरक एवढाच, तुमच्यावर कुणी वही घेऊन धावून आलं न्हाई. आन् ओल्या भिंतीवर वरचा मजला चढवत न्हाईत. तुमाला सांगायला नको, तुमी कंपनीतलं."

साहेब लालबुंद झाले. बाईंनी मला तिथं काही म्हटलं नाही. बूट पुसायला फडकं दिलं. ते गेल्यावर मात्र माझी चांगलीच हजेरी घेतली. "पोरांसमोर आईबापाची फजिती करायची न्हाई, कळलं का?" आणि आत गेल्या. मी बघितलं तर आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसत होत्या. देसाईसाहेब पुढच्या शनिवारी आले, जुने बूट घालून, आणि म्हणाले, "मामा, थापी द्या." हातभर भिंत त्यांनी लिंपली. ती अजून तशीच आहे, जरा पोट आलेली.

आता जे सांगायला लाज वाटते ते सांगतो. किरण नावाचा पोरगा होता. मागनं हाक मारा, वळायचा नाही. "चपला रांगेत ठेव," म्हटलं की सरळ निघून जायचा. मला वाटलं, मुजोर आहे. घरात लाडावलेला. तीन महिने मी त्याला रोज रागावलो. एकदा कान धरून पिळला आणि म्हणालो, "ऐकू येत न्हाई व्हय रं?"

बाईंच्या लक्षात वेगळंच आलं होतं. गाण्याच्या वेळी सगळी पोरं हात वर करायची, किरणही करायचा, पण सगळ्यांच्या किंचित मागनं. शेजारच्याचं बघून. एक दिवस त्यांनी मला दाराआड उभं केलं, हातात स्टीलचं ताट दिलं. पोरं मणी ओवत बसलेली. म्हणाल्या, "मी मान हलवली की टाका."

मी ताट फरशीवर टाकलं. असला आवाज झाला की एक पोरगी उडालीच. सगळ्या माना वळल्या. एक सोडून. किरण दोऱ्यात निळा मणी ओवत होता.

ज्या कानाला मी पिळा दिला होता, त्या कानात काही जातच नव्हतं.

त्याच्या आईबापांना घेऊन बाई स्वतः मिरजेला तपासणीला गेल्या. दोन महिन्यांत कानाचं मशीन मिळालं. मशीन लावून आला त्या दिवशी किरणनं बालवाडीतली एकही वस्तू वाजवायची सोडली नाही. बादली, खिडकी, माझं डोकं. मी त्याला बाजूला घेतलं, समोर बसलो आणि म्हटलं, "किरण, मी तुझा कान पिळला. चुकलं माझं." आता माफी कशी देतात हे एवढ्या पोराला काय ठाऊक! त्यानं जरा विचार केला, माझा कान धरला आणि जीव खाऊन पिळला. आणि हसला. झाली फिट्टंफाट. त्याच्या बाजूनं झाली. माझ्या बाजूनं नाही. तीन महिने लहान पोराच्या हिशेबात केवढे असतात! बाईंना जे गाण्यात दिसलं ते मला ओरडताना दिसलं नाही, कारण ओरडताना माणूस बघत नसतो.

तर असं हे काम. बघत बसायचं काम.

आणखी एकीची ओळख करून देतो, कारण ती पुढं येणार आहे. तनू. ह्याच वर्षीची. आजोबा फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, साताऱ्याकडचे, आता लेकाकडं सांगलीत. नातीला रोज तेच सोडायला यायचे, ताठ चालत. तनू चावायची. पहिल्याच आठवड्यात चार जणांना चावली, पाचवा मी.

"बाई, एक ठेवून द्या," सुभेदारांनी मोकळी परवानगी दिली. "आमच्याकडं असंच सरळ करत होते."

"मग ती चावणार न्हाई," बाई म्हणाल्या, "मारंल. ती कवा चावती ते आधी बघू या."

मला पाटी दिली. चावली की रेघ मारायची आणि त्याआधी काय झालं ते लक्षात ठेवायचं. तीन दिवसांत उमगलं. कुणी तिच्या हातातनं काही ओढलं की ती चावायची. बाकी कधी नाही. पोरीजवळ शब्दच नव्हता. घरात ती एकुलती, कुणी काही ओढणारं नाही, तर शब्द येणार कुठनं? बाईंनी तिला वाक्य दिलं: "थांब, माझं झालं न्हाई." रोज खेळता खेळता म्हणायला लावलं. मी तिच्या हातातला चेंडू ओढायचा आणि तिनं ते वाक्य माझ्यावर फेकायचं. पंधरा दिवसांत चावणं बंद. पण महिन्यानं सुभेदार तक्रार घेऊन आले.

"बाई, आता जेवताना म्हणती, आंघोळीत म्हणती. मी टीव्ही बंद करायला गेलो तर माझ्यावर खेकसली, 'थांब, माझं झालं न्हाई.' चावत होती तेच बरं होतं."

असं चाललेलं असताना तो रविवार आला.

घाटावरनं परत आलो तर घर भरलेलं. मेढ्याहून थोरले भाऊ आले होते, साताऱ्याहून सुनीता आणि जावई. भाऊ म्हणाले, "तेरा दिवस बालवाडीचं दार उघडायचं न्हाई. सुतक हाय." सुनीता म्हणाली, "आप्पा, मी पालकांना मेसेज टाकते. मुलांना फक्त एवढंच सांगा म्हणते, की बाई गावाला गेल्यात. लहान लेकरं ती, त्यांना काय कळतंय?"

खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून बरं वाटलं. मला दार उघडायचंच नव्हतं. बाईंशिवाय मी त्या खोलीत एक तासही काढला नव्हता. नाडी बांधणारा माणूस मी. आणि तिच्यावर मला रागही आला होता, हे कुणाला सांगणार? कायदा तिचा, आणि मोडला तिनंच. पाणी आणायला मला खाली पाठवलं आणि मागच्या दारानं गेली.

तेवढ्यात भेटायला आलेले सुभेदार माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "मामा, तनूची काळजी करू नका. मी तिला उद्या सांगतो, बाई गावाला गेल्यात. येतील चार दिसांत."

येतील.

त्या एका शब्दानं मी ताडकन सरळ बसलो. तनू चार दिवस वाट बघणार. मग आठ. दारात उभी राहणार, प्रत्येक पावलाला मान वर करणार. आणि एक दिवस कुणीतरी मोठं माणूस हळूच सांगणार, किंवा सांगणारच नाही. पुढं तिला कुणी "मी येते" म्हटलं की तिनं ते खरं कसं धरायचं? बावीस पोरांच्या बाई चोरीला जाणार होत्या, आणि चोर मी असणार होतो. दुसऱ्यांदा.

"सुभेदार," मी म्हणालो, "तिला काय सांगू नका. उद्या नऊला घेऊन या. मी सांगतो."

"काय सांगणार?"

"झालं ते."

भाऊ उठूनच उभे राहिले. "अरं, सुतकात? लोक शेण घालतील तोंडात!"

"सुतक माझं हाय, दादा. पोरांचं न्हाई. एक तासासाठी उघडतो. सांगतो आन् बंद करतो. मग तुमचं तेरा दिवस करा काय करायचं ते."

"आन् पोरं रडली मग?"

"रडू देत. रडायलाच बोलावतोय."

सुनीतानं मोबाइल उचलला आणि पालकांना लिहिलं, की आप्पा उद्या नऊ वाजता मुलांना स्वतः सांगणार आहेत, ज्यांना पाठवायचं त्यांनी पाठवा, आणि तोवर घरी काही खोटं सांगू नका. ते तिनं मला वाचून दाखवलं. तिच्या आईनं लिहिलं असतं तसंच होतं, फक्त तिच्यासारखं अक्षर नव्हतं म्हणावं, तर मोबाइलला अक्षर कुठलं!

सोमवारी मी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि साडेआठला जाऊन बालवाडी उघडली. झाडून काढली. बावीसातली तेरा आली. काही आया दारातच पदराला डोळे पुसत होत्या. मी त्यांना आत येऊन भिंतीला टेकून बसायला सांगितलं. पोरं सतरंजीवर. बाईंच्या जागी बसायची माझी हिंमत झाली नाही. मी पोरांतच मांडी घातली, मोडक्या पायाची जशी घालता येते तशी.

आदल्या संध्याकाळपासून वाक्यं जुळवत होतो. ती सगळी विसरलो. शेवटी तोंडातनं आलं ते असं:

"काल बाई मेल्या. त्यांचं काळीज बंद पडलं. डॉक्टरांनी लय केलं, पण ते चालू झालं न्हाई. मेलेलं माणूस परत येत न्हाई. म्हणून बाई आता बालवाडीत येणार न्हाईत. तुमी कुणी काय केलं म्हणून न्हाई. आन् त्या तुमच्यावर रुसूनबी गेल्या न्हाईत."

भिंतीजवळच्या एका आईचा हुंदका तेवढा आला. मग एका पोरानं सांगितलं, "आमची मांजर पण मेली." दुसरा म्हणाला, "आमच्या आण्णांना पण जाळलं. मी केस काढणार होतो, पण मला काढू दिलं नाही." एकीनं विचारलं, "मग बाईंचा चष्मा कोण घालणार?" मी म्हणालो, कुणी नाही, तो घरी ठेवलाय. "त्यांना भूक लागली तर?" मी म्हणालो, आता त्यांना भूक लागत नाही आणि गुडघेही दुखत नाहीत. हे ऐकून दोघातिघांनी आपापले गुडघे चाचपून बघितले.

दोन पोरं रडायला लागली. त्यांच्या आया त्यांना गप्प करायला उठल्या तसा मी हातानं नको म्हणालो. मग माझंच सुटलं. आदल्या दिवशी घाटावरही इतका रडलो नव्हतो. पोरं माझ्याकडं टक लावून बघायला लागली. माझ्या शेजारचा पोरगा मोठ्यानं म्हणाला, "मामा रडायला लागले." तनू त्याला म्हणाली, "थांब, त्यांचं झालं न्हाई."

माझं होईपर्यंत सगळे थांबले. तेरा पोरं आणि त्यांच्या आया, आणि दारात ताठ उभे असलेले सुभेदार, ज्यांना आता टोपी कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

मग तनू सरकत सरकत माझ्या गुडघ्याजवळ आली.

"मामा, तुमी पण मरणार?"

"व्हय."

"आज?"

"आज न्हाई. आज मला काम हाय."

"काय काम?"

"तुझं नाक."

तिनं मान वर केली. मी खिशातनं रुमाल काढला आणि तिचं नाक पुसलं. मग बाकीच्या बारा जणांकडं वळलो.